धुतल्या हातांचे दुखणे

आषाढ लागला, की मावळात भाताच्या लावणीला उधाण येते. नाणे मावळ, आंदर मावळ, पवन मावळ, कोठेही पाहावे. डोक्यावर प्लास्टिकचा कागद बांधून, पोटरीएवढ्या चिखलात वाकून बाया दिवसभर रोपे लावत असतात. चौथ्या-पाचव्या दिवशी बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढुरकी पडते, मऊ होते, सोलते आणि तिथे आग होऊ लागते. या दुखण्याला ‘चिखल्या’ असे नाव आहे. त्यावर रात्री मेंदी लावायची, कोकमतेल चोळायचे आणि सकाळी पुन्हा खाचरात उतरायचे, हा रिवाजही तितकाच जुना आहे. नावात चिखल असला, तरी या दुखण्याचे मूळ चिखलापेक्षा पाण्यात अधिक आहे. कातडी दीर्घकाळ ओली राहिली, की ती आपले काम करीनाशी होते.

याच तालुक्यात आणखी एका वर्गाच्या हातांना जवळजवळ हेच दुखणे जडते, आणि ते एका हंगामापुरते नसून बाराही महिन्यांचे असते. गावोगावची आरोग्य केंद्रे, कान्हे येथील सरकारी रुग्णालय, तळेगाव दाभाड्यात १९९५ पासून असलेले मायमर वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे रुग्णालय, द्रुतगती मार्गावरील अपघातग्रस्तांना जिथे घाईघाईने आणले जाते ती तळेगाव-लोणावळ्याकडची खासगी इस्पितळे, या सर्व ठिकाणी राबणाऱ्या परिचारिका, आया, प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ आणि सफाई कामगार यांचे हात पाळीभर ओले असतात. खाचरातल्या बाईचे हात चिखलाने माखलेले असल्यामुळे तिचे कष्ट पाहणाऱ्याच्या ध्यानात येतात. परिचारिकेचे हात स्वच्छ असतात, आणि स्वच्छ हात दुखत असतील ही शंका सहसा कोणाला येत नाही.

हे दुखणे किरकोळ वा क्वचित आढळणारे आहे असे मानण्याचे कारण नाही. जगभरातील पाहण्यांचा मेळ घातला, तर वर्षभराच्या काळात हाताच्या त्वचेचा दाह अनुभवणाऱ्यांचे प्रमाण सर्वसाधारण लोकांत शेकडा नऊच्या आसपास, तर आरोग्यसेवकांत ते चौघांत एक याहूनही थोडे अधिक भरते. करोनाच्या साथीत तर या आकड्यांना सीमाच उरली नाही. चीनच्या हुबेई प्रांतात २०२० च्या आरंभी ५४२ आरोग्यसेवकांची पाहणी झाली. त्यांतील शेकडा ९७ जणांच्या त्वचेला कोठे ना कोठे इजा झालेली होती. मुखपट्टीने नाकाला आणि चष्म्याने गालांना झालेल्या इजांबरोबर हातांच्या इजाही त्यांत मोठ्या प्रमाणावर होत्या. त्या वर्षी टाळ्या वाजल्या, थाळ्या वाजल्या. ज्या हातांसाठी त्या वाजल्या, त्यांची नखे व पेरे कशी झाली आहेत हे पाहण्याइतकी सवड मात्र त्या गडबडीत फारशी कोणाला झाली नाही.

पाणी आणि साबण या दोन निरुपद्रवी वाटणाऱ्या वस्तू त्वचेचे नेमके काय करतात, हे समजण्यासाठी घाटमाथ्यावरील एखाद्या गडाचा जुना तट डोळ्यांपुढे आणावा. चिरे कितीही भक्कम असोत, तट उभा राहतो तो सांध्यांतल्या चुन्याच्या बळावर. शंभर पावसाळ्यांत चुना धुपला, की सांध्यांत पिंपळ रुजतो आणि चिरा हलू लागतो. त्वचेच्या सर्वांत वरच्या थराची, म्हणजे शृंगस्तराची, रचना अशीच आहे. केरॅटिन या चिवट प्रथिनाने भरलेल्या चपट्या, मृत पेशी हे चिरे. आणि त्यांच्यामधील सेरामाइडे, कोलेस्टेरॉल व मेदाम्ले यांचे स्निग्ध मिश्रण हा चुना. अमेरिकन त्वचाशास्त्रज्ञ पीटर इलायस यांनी विटा आणि गिलाव्याची ही उपमा रूढ केली, आणि पाऊण शरीरशास्त्र तिने सोपे केले. हाताच्या पाठीवर हा थर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून फारसा जाड नसतो. वहीच्या कागदाहून कितीतरी पातळ. एवढ्याशा पडद्यावर शरीरातले पाणी आत राखण्याची आणि बाहेरचे जंतू व रसायने बाहेर थोपवण्याची भिस्त आहे.

साबण मळ काढतो, कारण तो स्निग्ध पदार्थ पाण्यात विरघळवतो. मळातला स्निग्धांश कोणता आणि त्वचेच्या सांध्यांतला कोणता, हा विवेक साबणाला नसतो. एकदा हात धुतल्याने थोडा चुना निघतो. खालच्या जिवंत पेशी तो काही तासांत भरून काढू लागतात. तथापि डागडुजी पुरी होण्याआधीच दुसऱ्यांदा, पाचव्यांदा, विसाव्यांदा हात धुतले गेले, तर भरणा कमी आणि धूप जास्त असा तोट्याचा व्यवहार सुरू होतो. पेशींच्या आत पाणी धरून ठेवणारे द्रव्यही त्याबरोबर वाहून जाते. ओल्या हातांच्या पेशी फुगतात, सुकताना आक्रसतात. दिवसातून तीस-चाळीस वेळा हा फुगण्या-आक्रसण्याचा खेळ झाला, की पृष्ठभाग तडकतो. गरम पाण्याने हे सारे अधिक वेगाने होते. ऊन पाण्याने हात जास्त स्वच्छ होतात ही समजूत घराघरांत आहे. प्रत्यक्षात हाताला सोसवेल इतक्या उष्णतेने जंतू मरत नाहीत, निघून जाते ती स्निग्धता.

याहून सूक्ष्म अशी एक गोष्ट आहे. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्ल असतो. आम्लता मोजण्याच्या सामू या मापावर तो साधारणपणे साडेचार ते साडेपाच भरतो. जर्मनीतील शाडे आणि मार्किओनीनी यांनी १९२८ मध्ये त्वचेवरील या आम्ल आवरणाकडे लक्ष वेधले. सेरामाइडे घडवणारी विकरे या आम्ल परिस्थितीतच नीट काम करतात. नेहमीच्या वडीच्या साबणाचा सामू नऊ-दहाच्या घरात असतो. वारंवारच्या धुण्याने पृष्ठभाग आम्लाकडून अल्काकडे झुकला, की चुना तयार करणारी विकरे मंदावतात आणि पेशींचे परस्परांतील बंध तोडणारी विकरे मात्र चेवतात. म्हणजे एकीकडे गवंडी संपावर आणि दुसरीकडे तट पाडणारे दुप्पट जोमात, असा प्रकार होतो. तळाच्या जिवंत पेशी यावर स्वस्थ बसत नाहीत. त्या दाहाचे रासायनिक संदेश सोडतात, घाईघाईने विभागू लागतात, आणि एरवी महिनाभर सावकाश पिकून वर येणाऱ्या पेशी अर्ध्याकच्च्या अवस्थेत पृष्ठभागावर पोचतात. कच्च्या विटांची भिंत किती टिकावी? लाली, खाज, सोलणे, भेगा ही सारी या घाईची लक्षणे होत.

आरंभ बहुधा अंगठीखाली किंवा बोटांच्या बेचक्यांत होतो, कारण साबण तिथे अडकून राहतो. येथे एक अडचण आहे, आणि तिची जाणीव वैद्यकीय वर्तुळातही अलीकडे अलीकडे होऊ लागली आहे. पाठ्यपुस्तकांतील रोगट त्वचेची चित्रे वर्षानुवर्षे प्रामुख्याने गोऱ्या कातडीची आली. तिच्यावर दाह लाल दिसतो. गव्हाळ किंवा सावळ्या हातावर तो लाल न दिसता काळपट दिसतो, आणि ‘हात काळवंडलेत’ एवढे म्हणून सोडून दिले जाते. रोग पुढे सरकलेला असतो.

मावळच्या हवेचाही यात वाटा आहे. लोणावळ्यात वर्षाकाठी सुमारे चार हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्या चार महिन्यांत धुतलेले हात पुसावेत, तर वाळलेला टॉवेल मिळणे दुर्मीळ. भिंतींना ओल, कपड्यांना कुबट वास. अशा दिवसांत नखांच्या कडा सुजून नखुरडे होते आणि बेचक्यांत बुरशी धरते, अगदी खाचरातल्या बाईसारखी. मार्गशीर्ष-पौषात याच्या उलट. घाटावरची कोरडी, बोचरी थंडी पडली, की ज्यांचा साबणाशी दिवसातून दोनदाच संबंध येतो त्यांचेही हात उलतात. मग पहाटेच्या पाळीत गार पाण्यात हात घालणाऱ्या परिचारिकेचे काय होत असेल ते सांगायला नको. एकच दुखणे पावसाळ्यात ओले आणि हिवाळ्यात कोरडे, एवढाच फरक.

हात धुण्याचा इतिहास सांगताना व्हिएन्नाच्या इग्नाझ सेमेलवाइसचे नाव हमखास घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. शवविच्छेदन करून थेट प्रसूतिकक्षात येणाऱ्या विद्यार्थ्यांना त्याने मे १८४७ मध्ये क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुण्याची सक्ती केली. त्या कक्षात एप्रिलमध्ये शंभरांतल्या अठरा बाळंतिणी दगावल्या होत्या. जूनमध्ये हे प्रमाण दोनच्या आसपास आले. तथापि त्या पाण्याने कातडी जळते ही तक्रार तेव्हापासूनचीच आहे, आणि सेमेलवाइसचा विरोध करणाऱ्यांत अहंकारी प्राध्यापकांइतकीच हात चुरचुरणारी सामान्य माणसेही असावीत असे मानायला जागा आहे.

दुसरी कथा कमी सांगितली जाते. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात १८८९-९० च्या हिवाळ्यात कॅरोलाइन हॅम्प्टन नावाची परिचारिका विल्यम हॉलस्टेड या शल्यविशारदाच्या हाताखाली काम करीत होती. हात निर्जंतुक करण्यासाठी त्या काळी पाऱ्याचे क्लोराइड वापरत. त्याने तिच्या हातांना इतका दाह झाला, की काम सोडण्याची वेळ आली. हॉलस्टेडने गुडइयर रबर कंपनीकडून तिच्यासाठी पातळ रबरी हातमोजे करवून घेतले. पुढे त्याने तिच्याशी विवाह केला, ही गोष्ट प्रकरणाला प्रेमकथेचा रंग देते. पण खरे महत्त्व वेगळेच आहे. शस्त्रक्रियेतील हातमोजा, जो आज रुग्णाला जंतूंपासून वाचवण्याचे साधन म्हणून ओळखला जातो, तो जन्मला एका परिचारिकेची कातडी वाचवण्यासाठी. रुग्णाचा लाभ नंतर, जवळजवळ अपघाताने, ध्यानात आला. काम करणाराचे हात सांभाळले तर रुग्ण सांभाळला जातो, याचा इतका स्वच्छ पुरावा असूनही आरोग्यव्यवस्थेने पुढील शतकभर त्याकडे पाठच फिरवली.

वस्तुतः या दोन हितांत विरोध नाही. भेगाळलेल्या हातावर स्टॅफिलोकॉकससारख्या जंतूंना थारा मिळतो, आणि कितीही चोळले तरी ते भेगांतून पुरते निघत नाहीत. शिवाय ज्या हाताची पाण्याने आग होते, तो हात माणूस धुण्याचे टाळतो. हे आळसाने होत नाही. विस्तवावरून हात जसा आपोआप मागे येतो तसे होते. अतिदक्षता विभागात एका खाटेकडून दुसऱ्या खाटेकडे जाताना टाळलेल्या अशा एका धुण्याची किंमत तिसराच कोणी मोजतो. म्हणून त्वचेच्या तक्रारीला सौंदर्यप्रसाधनाचा प्रश्न समजून हसण्यावारी नेणारे प्रशासक रुग्णसुरक्षेशीच खेळत असतात.

यावर हात कमी वेळा धुवावेत असा तोडगा कोणी शहाणा सुचवणार नाही. प्रश्न धुण्याच्या पद्धतीचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत स्पष्ट म्हटले आहे, की हातावर रक्त, घाण वा मळ दिसत नसेल तर साबणपाण्याऐवजी मद्यार्काचे द्रावण चोळणे अधिक श्रेयस्कर. हे द्रावण स्थानिक औषधशाळेत बनवण्याची कृतीही संघटनेने दिली आहे : शेकडा ऐंशी इथेनॉल, थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड आणि दीड टक्क्याहून किंचित कमी ग्लिसरीन. हे चिमूटभर ग्लिसरीन त्वचेसाठी आहे. मद्यार्क सांध्यांतला स्निग्धांश काहीसा हलवतो खरा, पण साबणपाण्यासारखा तो धुऊन नेत नाही. वेळही वाचतो : साबणाने नीट धुवायचे तर चाळीस ते साठ सेकंद, द्रावणाला वीस ते तीस. जिनीव्हाच्या विद्यापीठीय रुग्णालयात दिदिए पिते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खाटेपाशी द्रावण ठेवण्यावर भर दिला, तेव्हा हातांच्या स्वच्छतेचे पालन १९९४ मधील ४८ टक्क्यांवरून १९९७ मध्ये ६६ टक्क्यांवर गेले.

मग परिचारिका सॅनिटायझरला का भितात? कारण ते झोंबते. झोंबते हे खरे. पण ते कातडी खराब करते म्हणून झोंबते, हा निष्कर्ष चुकीचा. साबणाने आधीच पाडलेल्या भेगांत मद्यार्क शिरतो, जखमेवर मीठ पडावे तसा. मग ती परिचारिका पुन्हा साबणाकडे वळते आणि भेगा वाढवून घेते. साबणाने हात धुऊन लगेच वर सॅनिटायझर चोळण्याची जी दुहेरी सवय करोनाच्या काळात रूढ झाली, ती तर दोन्हीकडून मार देणारी आहे. अर्थात सॅनिटायझर सर्वत्र चालत नाही. पावसाळ्यात जुलाब-वांतीचे रुग्ण केंद्रांत येऊ लागले, की काही जंतू व विषाणू मद्यार्काला दाद देत नाहीत. तिथे साबण आणि वाहते पाणी यांना पर्याय नाही. केव्हा काय वापरायचे याचे हे तारतम्य शिकवावे लागते, आणि आरोग्य केंद्रांतील पाटीवर बहुधा एकच सूत्र लिहिलेले असते : हात धुवा.

हातमोजे हाही सर्वरोगहर उपाय नव्हे. मोजाच्या आत घाम साचतो आणि हात ओलाच राहतो. म्हणून जर्मनीच्या जुन्या नियमांत दिवसातून दोन तासांहून अधिक काळ बंद हातमोजे घालणे याची गणना ‘ओल्या कामा’तच होत असे, जशी वीसहून अधिक वेळा हात धुण्याची होत असे. रबर पक्के करण्यासाठी घातलेल्या रसायनांची काहींना ॲलर्जी होते, काहींना लॅटेक्सचीच. पूड लावलेल्या हातमोज्यांवर अमेरिकेने जानेवारी २०१७ पासून बंदी घातली. ओल्या हातांवर मोजे चढवू नयेत, गरज संपताच काढावेत, एवढे पथ्य पाळले तरी पुष्कळ.

राहता राहिले मलम. पेट्रोलियम जेली किंवा साधे, सुवास नसलेले स्निग्ध मलम पाळीच्या आधी, मधल्या सुटीत आणि झोपताना लावणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपेक्षित उपाय आहे. रुग्णालयाच्या मागणीपत्रकात साबण असतो, जंतुनाशक असते, हातमोजे असतात. मलम लिहायचे झाले तर ते कोणत्या सदरात लिहावे, येथूनच कारकुनाची अडचण सुरू होते. चैनीची वस्तू म्हणून ते कापले जाते, आणि परिचारिका आपल्या पगारातून डबी विकत आणते. जिला पगारच तुटपुंजा, ती कंत्राटी आया किंवा सफाई कामगार तेही करीत नाही. हीच बाई घरी गेल्यावर भांड्याच्या साबणात आणि धुण्याच्या वडीत पुन्हा तासभर हात बुडवते. तिची ओली पाळी इस्पितळाच्या दारात संपत नाही. मावळात तर आषाढात रजा काढून ती घरच्या लावणीलाही उभी राहते.

कायद्याचे पाहू जाता तो या बाबतीत तितका मुका नाही. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात व्यवसायजन्य रोगांची जी यादी होती, तीत भौतिक, रासायनिक वा जैविक कारणांनी होणाऱ्या त्वचारोगांचा समावेश होता. पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही व्यवसायजन्य रोगांचे परिशिष्ट ठेवण्यात आले. पण यादीचा उपयोग व्हायला आधी नोंद हवी. ज्या दुखण्याला ती सोसणारीच दुखणे म्हणत नाही, ज्यासाठी केसपेपर काढला जात नाही, ते कामातून आले हे सिद्ध कोणी आणि कसे करायचे? वर्षातून एकदा कर्मचाऱ्यांची तपासणी होते तिथे रक्तदाब, साखर, वजन यांच्या रकान्यांशेजारी हातांसाठी एक रकाना आखायला खर्च काहीच नाही. लहानपणी इसब झालेल्यांना हा धोका अधिक. त्यांतील काहींच्या त्वचेत फिलॅग्रिन या प्रथिनाची जन्मजात उणीव असते, हे २००६ मध्ये स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले. अशांना नोकरी नाकारण्यासाठी या माहितीचा वापर होऊ नये. परिचर्या महाविद्यालयात पहिल्याच वर्षी त्यांना मलमाची आणि सौम्य धावनाची सवय लावण्यासाठी व्हावा.

आणि रजेचेही पाहायला हवे. हाताच्या भेगा दोन-तीन आठवड्यांत मिटतात, कातडी गुळगुळीत दिसू लागते, आणि परिचारिकेला त्याच विभागात, त्याच पाळीवर परत बोलावले जाते. त्वचेचा पडदा आतून पूर्वीसारखा घट्ट व्हायला याहून बराच अधिक काळ लागतो, प्रसंगी काही महिने. तोवर तिला नोंदवह्या, लसींचा हिशेब, बाह्यरुग्ण विभागातील केसपेपर असे कोरडे काम देता येते. पाळ्यांचा तक्ता करणाऱ्याने तेवढे लक्षात ठेवायचे. सध्या बहुतेक ठिकाणी ती आठवड्याभरात पुन्हा नळापाशी उभी असते.